पाहुणे असोत वा नसोत

[दृश्य: पहाटेचा अंधार. गोठ्यातला दिवा. दूध काढायच्या यंत्राचा ठेका.]

सुट्टीत पहाटे पाचला कोण उठतं? इथं मुलं उठलीत, तीही हाक न मारता. आईवडील मागून जांभया देत येतायत.

दुभत्या गाईची धार साधारण बारा-बारा तासांनी काढावी लागते. वेळ टळली की कास तटते, दुखते, सुजायची भीती असते. त्यामुळे चालत्या शेतावरच्या सुट्टीचं वेळापत्रक यजमानाच्याही हातात नसतं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. गवताळ माळ, गुरं, घोडेस्वार.]

अमेरिकेत पैसे देऊन रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतावर, राहायची सुरुवात पाहुणचाराच्या अतिरेकातून झाली. पिट्सबर्गहून आलेले हॉवर्ड, विलिस आणि ॲल्डन हे ईटन बंधू आजच्या नॉर्थ डाकोटात, मेडोराजवळ गुरं पाळायचे. पूर्वेकडचे मित्र शिकारीला यायचे आणि हलायचं नावच घ्यायचे नाहीत. शेवटी खर्चाची लाज पाहुण्यांनाच वाटली, त्यांनी पैसे पुढे केले. 1886-87 च्या हिवाळ्यात त्या माळांवर कळपच्या कळप गोठून मेले. नुसत्या गुरांच्या भरवशावर राहणं किती धोक्याचं, हे सगळ्यांना कळलं. 1904 मध्ये ईटन बंधूंनी वायोमिंगमध्ये, बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी बस्तान हलवलं. 1926 पर्यंत अशा रँचमालकांची संघटनाही उभी राहिली. रेल्वे कंपन्या खूश होत्या, कारण पाहुणे त्यांच्याच गाडीतून यायचे.

[दृश्य: इटलीतल्या टस्कनी भागातला उतार. ऑलिव्हची झाडं, ट्रॅक्टर.]

मेख अशी, की पाहुण्यांचा पैसा गोड लागला की गुरं शोभेपुरती उरतात. इटलीनं 1985 मध्ये कायदाच केला: पाहुण्यांची सोय शेतकऱ्यानं करावी, पण मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे. 2006 च्या कायद्यानं तो तोलायला माप दिलं, आणि ते मुख्यतः कामाच्या वेळेचं. शेतीला जास्त वेळ जातो, की चादरी बदलण्याला? पाहुणे दहापर्यंतच असतील, तर शेतीच मुख्य असं धरलं जातं. उत्पन्नावरून ठरवलं असतं, तर कितीतरी खरे शेतकरी नापास झाले असते. घाम मोजणं जास्त प्रामाणिक.

[दृश्य: कापलेलं गवत. वर ढग.]

आज सगळ्यांनी घोड्यावरून फिरायला जायचं ठरलं होतं. रद्द! पाऊस येऊ घातलाय आणि गवत अजून रानात पडलंय. ओलसर गवत गंजीत रचलं की आतून तापतं, कधी कधी आपोआप पेटतंही. म्हणून जो तो रानात. मुलांची कुरकुर थोडाच वेळ टिकते. ट्रॉलीवर बसायला मिळालं की फिरणं कोणाला आठवतंय?

[दृश्य: हौदाशेजारी हात धुणारी मुलं.]

नियम मोजके, पण ते मोडायचे नाहीत. घोड्याच्या मागून जायचं नाही. गाय आणि तिचं वासरू यांच्या मधे उभं राहायचं नाही. जनावराला हात लावला की साबणानं धुवायचा, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. गोंडस वासराच्या शेणातूनही पोट बिघडवणारे जंतू येतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना ते फार जड जातं.

[दृश्य: नुकतंच जन्मलेलं वासरू.]

हे रात्रीत जन्मलंय. पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक जायलाच हवा, रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते. स्वतःहून प्यायलं नाही, म्हणून आता बाटली. बाटली कोणी धरायची, यावर दोघा भावंडांचं जुंपलंय. मालकिणीनं ती मोठीच्या हातात दिली, धाकट्याला बादली धुवायला पाठवलं. बादलीही धुवावीच लागते.