बटण पुण्यात, अँटेना भोरला

(दृश्य: कोथरूडमधला फ्लॅट, रात्र. टेबलावर लॅपटॉप आणि हेडफोन.)

या फ्लॅटमध्ये मी चार वर्षं हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायचा बिनतारी संच, लावून बघितला. ४० मीटरचा बँड (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी) उघडला की आधी ऐकू यायची सोसायटीची लिफ्ट, मग शेजारपाजारचे एलईडी दिवे आणि चार्जर. नुसत्या खरखरीवरच सिग्नलचा मीटर एस-८ दाखवायचा, जोरदार स्टेशन असल्यासारखा. गच्चीवर तार बांधायला परवानगी नाही, ते वेगळंच.

(दृश्य: भोर तालुका. कौलारू घर, मागे आंबा.)

म्हणून रेडिओ गावी गेला आणि मी तो पुण्यातून नेटवरून चालवायचं ठरवलं. आंब्याच्या शेंड्यावरून दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार उतरवली. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे दोन हातांची अँटेना, उलट्या व्हीसारखी. इथे बँड इतका शांत की पहिल्यांदा वाटलं, कोॲक्स (अँटेनाची केबल) लावायचीच राहिली.

रिग, म्हणजे रेडिओ संच, आयकॉमचा आयसी-७३००. त्याच्या पाठीमागून एकच यूएसबी केबल निघते. हुकूम तिच्यातूनच आणि आवाजही. दुसरं टोक रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरमध्ये. फ्रिक्वेन्सी, मोड, पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) हे सगळं हॅमलिबचा रिगसीटीएलडी हा प्रोग्रॅम सांभाळतो, आवाजाची ने-आण मम्बल हे व्हॉइस-चॅट ॲप करतं.

गावात नेट फोरजी राउटरचं. कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, त्यामुळे बाहेरून थेट आत शिरता येत नाही. मग उलटं केलं: रास्पबेरी पायच भाड्याच्या सर्व्हरशी वायरगार्ड या व्हीपीएनने जोडून घेतो, मीही तिथेच जातो. रिगसीटीएलडीचा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकायचाच नाही. कोणीही येऊन आपल्या कॉलसाइनवर (परवान्यातल्या ओळखनावावर) बोलेल.

(दृश्य: रेडिओचा स्क्रीन, जवळून.)

पहिल्या चाचणीला सोलापूरचे एक हॅम ठरवून ऐकत बसले होते. मी पुण्यातून सीक्यू ('कोणी आहे का?' अशी हाक) दिला. त्यांचा फोन आला: "ओएम, तुम्ही येत नाही, पण कुकरच्या शिट्ट्या झकास येताहेत!" (ओएम म्हणजे 'ओल्ड मॅन'; हॅम एकमेकांना असंच म्हणतात.)

रेडिओच्या मेन्यूत 'डेटा ऑफ मॉड' नावाची एक ओळ असते; आवाज कुठून घ्यायचा ते ती ठरवते. ती मी बदललीच नव्हती. पीटीटी पुण्यातून दाबला जात होता आणि रेडिओ ऐकत होता भोरच्या टेबलावरचा माइक, भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. ओळ 'यूएसबी'वर नेली, एएलसी (आवाज जास्त होतोय का ते दाखवणारा मीटर) पट्टीबाहेर जाणार नाही इतपत आवाज कमी केला, आणि पुढच्या कॉलला सोलापूरनं माझंच नाव घेतलं.

खरी धास्ती पुढच्या आठवड्यात बसली. बोलता बोलता गावचं नेट गेलं. 'दाब' पोहोचलं होतं, 'सोड' पोहोचलंच नाही. काकांचा फोन आला, "अरे, तुझ्या पेटीवरचा लाल दिवा विझत नाहीये." मी एसएसबीवर होतो; त्या पद्धतीत आवाज नसला की जवळजवळ काहीच बाहेर जात नाही, म्हणून निभावलं. एएम असता तर कॅरियर (आवाज नसतानाही चालू राहणारी मूळ लहर) बँडवर ठाण मांडून बसला असता, माझ्या नावावर.

आता रेडिओतला, प्रक्षेपण आपोआप थांबवणारा टाइमर ३ मिनिटांवर आहे. पायवर छोटी स्क्रिप्ट आहे: माझ्याकडून दोन सेकंद खूण आली नाही तर ती पीटीटी सोडते. नेट मुद्दाम तोडून दहादा तपासली, मगच पॉवर १० वॉटवरून १०० वर नेली.

(दृश्य: जून. डोंगरावर ढग.)

पहिला गडगडाट झाला की काका कोॲक्स उपटून खिडकीबाहेर टाकतात. मला कळवायचं मात्र विसरतात. मी पुण्यात हेडफोन लावून बसतो आणि बँड फार शांत वाटला, तर आधी त्यांना फोन करतो.