दाबोळीचा कर्कश डॉर्नियर

[दृश्य : सकाळ. दाबोळीच्या धावपट्टीकडे निघालेलं एक लहानसं करडं विमान.]

वास्कोत, चिखलीत राहणाऱ्यांना हे विमान दिसण्याआधी ऐकू येतं. डॉर्नियर 228. लांबुडकं नाक, पेटीसारखं चौकोनी धड, त्याच्या डोक्यावर बसवलेला पंख. गोव्यात उतरणारे पर्यटक याच्याकडे वळूनही बघत नाहीत. नौदलाच्या आयएनएस हंसा तळावरचे वैमानिक मात्र यातच बसून तासन्‌तास अरबी समुद्रावर गस्त घालतात.

आवाज एवढा का? बऱ्याच टर्बोप्रॉप विमानांत, म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रॉपेलर फिरवणाऱ्या विमानांत, जमिनीवर असताना प्रॉपेलर संथ फिरू शकतो. इथे टर्बाइन आणि प्रॉपेलर गिअरने कायमचे जखडलेले. टर्बाइन मिनिटाला चाळीस हजारांहून जास्त फेरे घेतं, त्यामुळे विमान नुसतं उभं असलं तरी प्रॉपेलर जोरातच फिरतो. पाती सपाट केलेली असतात, म्हणून विमान पुढे ओढलं जात नाही. हवा मात्र कापली जाते, आणि कान फाटतात.

[दृश्य : कॉकपिट. लिव्हरवरचा हात.]

हा हात नीट बघा. दोन प्रॉपेलरांचा वेग जरासा जरी वेगळा असला तरी एक घूं-घूं सुरू होते, चढते, उतरते. वैमानिक बोटाच्या टोकाने लिव्हर केसभर सरकवतो. घूं-घूं लांबत जाते आणि विरते. हे कानानं जमवायचं असतं. न जमवता चार तास उडालात तर ती थरथर हाडांत उतरते.

पावसाळ्यात तर परीक्षाच. भरलेलं विमानही जेमतेम साडेसहा टनांचं, त्यात दाबोळीचं पठार समुद्राला लागून. आडवा वारा आला की शेपटीवरचं सुकाणू, म्हणजे रडर, फिरवणाऱ्या पेडलांवरून पाय हलवायची सोय नाही.

[दृश्य : विमान थांबलंय. एक नौसैनिक हाताने प्रॉपेलर फिरवतोय.]

इंजिन बंद झालं तरी काम संपत नाही. आतला तापलेला दांडा एका बाजूने लवकर निवला तर किंचित वाकतो. म्हणून हा जवान भर उन्हात प्रॉपेलर हाताने फिरवतो आहे. विमानाचं दिसणं कसंही असो, त्याची अशी काळजी घेणारी माणसं बघितली की आदर वाटतो.

24 मार्च 2015 च्या रात्री सरावाला निघालेलं नौदलाचं डॉर्नियर गोव्याजवळ समुद्रात कोसळलं. लेफ्टनंट किरण शेखावत आणि लेफ्टनंट अभिनव नागोरी गेले. मुख्य वैमानिक तेवढे वाचले. त्यांना पाण्यातून काढलं ते मासेमारी बोटीवरच्या माणसांनी.

याच माणसांसाठी तटरक्षक दलाची डॉर्नियर वादळाच्या आधी बाहेर पडतात. दूर गेलेल्या ट्रॉलरांवर खाली येऊन घिरट्या घालतात, रेडिओवरून सांगतात : परत फिरा, बंदर गाठा. खारीवाड्याची बोट असो, कुटबणची असो की मालवणची. एखाद्या बोटीवर रेडिओ बंद असेल, बोट चालवणारा तांडेल जाळ्याच्या कामात गुंतला असेल, तरी डोक्यावरून गेलेला हा आवाज त्याला ऐकू येतोच.