४०-४० ची दोन की एकच ७०? कमी पैशांत स्पीडबोटीचं इंजिन बदलताना

नमस्कार मंडळी. माझ्या मागे ट्रेलरवर जी बोट दिसतेय ती १७ फुटांची, फायबरची, खाली चांगला खोल व्ही तळ. मागच्या फळीवर ४०-४० हॉर्सपॉवरची दोन जुनी कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक इंजिनं. एक दोरी ओढली की सुरू होतं, दुसरं मर्जी असेल तर. मालक गोव्यातल्या शिवोलीचे. त्यांचा प्रश्न एवढाच: "दोन्ही काढतो. कमी पैशांत काय लावू? पण बोट पळायला हवी हां."

असे मेसेज मे महिन्यात फार येतात. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद, पाठोपाठ वॉटर स्पोर्ट्स बंद, बोटी वर ओढल्या जातात आणि त्याच सुमाराला जुनी ओबीएम, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून लावायची आउटबोर्ड इंजिनं, विकायला निघतात. म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं बोलून टाकू.

माझं मत आधीच सांगतो, ज्यांना घाई आहे त्यांनी ते घेऊन निघावं. खिसा हलका असेल तर हॉर्सपॉवरचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी वजन, मग पंखा म्हणजे प्रोपेलर, आणि तुमच्या धक्क्यावर ते इंजिन उघडणारा माणूस आहे की नाही ते.

[ट्रान्समजवळ जातो]

वजनापासून सुरुवात. ही मागची फळी, म्हणजे ट्रान्सम. सध्याची टू-स्ट्रोक इंजिनं प्रत्येकी ७०-७५ किलोची. दोन मिळून दीडशे धरा. याच जागी ४० ची दोन फोर-स्ट्रोक लावायची म्हटली, तर एकेक साधारण ९५ ते १०० किलो. म्हणजे जवळजवळ दोनशे. बोटीच्या अगदी शेपटीला ५० किलो वाढले, आणि घोडे तेवढेच. अशी बोट पाण्यावर उठायला वेळ लावते, थ्रॉटल दिला की नाळ, म्हणजे पुढचं टोक, आभाळाकडे जाते, आणि वेग धरला की पुढचा भाग वर-खाली आपटत राहतो. उभी असताना पाणी बाहेर जायची भोकं पाण्याखाली जातात ते वेगळंच.

उलट एकच ९० चं फोर-स्ट्रोक साधारण १५५ ते १६५ किलोत येतं. यामाहाचं ७० तर १२० किलोच्या आत बसतं. सुझुकीचं ६० शंभरच्या जरा वर, १०४ किलो. आणि गंमत बघा, सुझुकीची ४०, ५० आणि ६० ही तिन्ही एकाच ९४१ सीसीच्या ब्लॉकवर बनतात. मग "मी ४० च घेतो, हलकं पडेल" या म्हणण्याला काही अर्थ राहत नाही. लोखंड तेवढंच उचलायचं तर ६० उचला, किमतीतला फरक खिशाला झेपत असेल तर.

आता "जास्त घोडे म्हणजे जास्त वेग" हे बरोबर आहे, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने शक्ती आणि वजनाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने वाढतो. ६० चे ९० केले, म्हणजे घोडे दीडपट, तरी वेग कागदावर फार तर २२ टक्के वाढणार. त्यातून मोठ्या इंजिनाचं जास्तीचं वजन वजा. पैसे आणि पेट्रोल मात्र पूर्ण वाढतं. पूर्ण थ्रॉटलवर ६० चं फोर-स्ट्रोक तासाला २०-२२ लिटर पितं असं धरून चला. जुनं कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक त्याहून बरंच जास्त पितं, कारण त्यात बरंच पेट्रोल न जळताच धुरासोबत बाहेर जातं. पाण्यावर तो रंगीत तवंग दिसतो ना, तो तुमच्याच पैशांचा.

"पण दोन इंजिनं असली की एक बंद पडलं तरी घरी येता येतं." हे मला प्रत्येक जण सांगतो. अर्धं खरं आहे. १७ फुटांची अशी बोट एका ४० वर सहसा उठत नाही, हळूहळू सरपटत येते. आणि दोन्ही इंजिनं एकाच टाकीवर असतील आणि टाकीत पाणी गेलं असेल, तर दोन्ही एकदमच बसतात. मांडवीत, शापोऱ्यात, आग्वादच्या आत फिरायचं असेल तर माझं मत एका इंजिनाला. वाचलेल्या पैशांत चांगला नांगर, ३०-४० मीटर दोर आणि दोन वल्ही घ्या. बाहेर समुद्रात लांब जाणार असाल तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी बोटही मोठी हवी.

इंजिन घ्यायच्या आधी ही फळी तपासा. फायबरच्या आत बहुतेक बोटींना प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी आत गेलं की ते कुजतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हातोडीच्या लाकडी दांड्यानं असं ठोकत जायचं. [ठोकतो] इथे टणक आवाज येतोय. आणि इथे, खालच्या बोल्टपाशी... ऐकलंत? बद्द आवाज. आता इंजिन थोडं वर उचलून खालच्या भागाला धरून जोरात हलवा आणि फळीकडे बघा. फळी हलत असेल तर इंजिनाचे पैसे आधी फायबरवाल्याला द्यावे लागतील. या बोटीचं तेच होणार आहे, मालकांना सांगून झालंय.

मोजमाप एका वाक्यात: ट्रान्समच्या वरच्या कडेपासून खाली तळापर्यंत मध्यावर उंची मोजा. १५ इंच असेल तर इंजिन शॉर्ट शाफ्टचं (आखूड पायाचं), २० असेल तर लाँग, २५ असेल तर त्याहून लांब. अंदाजाने घेऊ नका.

सेकंड हँडवर जरा थांबतो, कारण बजेट म्हटलं की सगळे तिथेच जातात.

मासेमारीच्या होडीवरची इंजिनं स्वस्त मिळतात आणि दणकट असतात. पण ती बहुतेक हातात दांडा धरून चालवायची असतात, आणि पॉवर ट्रिम, म्हणजे बटणाने इंजिनाचा कोन बदलायची सोय, नसतं. पळणाऱ्या बोटीला पॉवर ट्रिम हवंच. चालताना इंजिन थोडं बाहेरच्या बाजूला कलवता आलं की नाळ उचलते, तळ कमी भिजतो आणि वेग मिळतो. हे नसेल तर ६० चं इंजिन लावूनही बोट जड चालते. मग ते स्टिअरिंगवर न्या, वेगळा ट्रिम बसवा, यात स्वस्ताई संपते. वॉटर स्पोर्ट्सच्या बोटींवरच्या इंजिनांना ट्रिम असतं, पण ती सीझनभर दिवसभर चालतात. रंग चकाचक असतो, तास किती झालेत ते विचारा. इंजेक्शनवालं असेल तर कंपनीच्या कॉम्प्युटरवर तास दिसतात, तोंडी सांगितलेलं धरू नका.

बघायला जाल तेव्हा आधी खालच्या गिअरकेसचा तळाचा स्क्रू सैल करा. तेलापेक्षा पाणी जड, ते खाली बसतं. पहिला थेंबच पाण्याचा आला किंवा तेल दुधाळ निघालं तर सील गेलंय. त्या स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बोटावर घेऊन बघा. बारीक राखाडी लगदा असेल तर चालतं, लोखंडाचे टोकदार कण असतील तर गिअर गेले. मग सगळे स्पार्क प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर माझ्याकडून नमस्कार. थर्मोस्टॅटचं झाकण काढू देत असतील तर जरूर काढा. आत पांढऱ्या मिठाचा थर दिसला तर ते इंजिन गोड्या पाण्यानं कधी धुतलेलंच नाही. फोर-स्ट्रोकची डिपस्टिक हुंगा. तेलाला पेट्रोलचा वास आणि पातळी खुणेच्या वर, तर सोडा. आणि नंबराची पट्टी खरवडलेली असेल तर भाव विचारायच्या आधी परत फिरा.

एव्हिनरूडची ई-टेक इंजिनं कधीकधी मोहात पाडतात. टू-स्ट्रोक असून डायरेक्ट इंजेक्शन, झेप जबरदस्त. पण बीआरपी या मालक कंपनीने २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादन बंद केलं. पुढची दहा वर्षं इंजेक्टर कुठून आणायचा, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तरच घ्या. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, होंडा, तोहात्सु यांत मला फारसा भेद करायचा नाही. ज्याचा मेकॅनिक तासाभरात तुमच्या जेटीवर येतो तो ब्रँड घ्या.

अजून एक. ब्रँड बदलला की कंट्रोल बॉक्स, वायरिंग, मीटर, बऱ्याचदा केबलही बदलतात. त्याच कंपनीचं घेतलं तर यातलं काही वाचू शकतं. यामाहाचा ७०३ कंट्रोल बॉक्स वर्षानुवर्षं चालत आलाय, १० पिनचा प्लग असेल तर नव्या मेकॅनिकल इंजिनालाही बहुधा जुळतो. दुकानदाराकडून भाव घेताना इंजिनाचा नको, पाण्यात उतरवून देण्याचा घ्या.

आता पंखा. पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर किती इंच पुढे जातो ते. हिशोब करून बघू. मर्क्युरी ६० चा साधा गिअर रेशो १.८३, म्हणजे इंजिनाच्या १.८३ फेऱ्यांना पंख्याची एक. इंजिन ५८०० आरपीएमवर, तर पंखा ३१७० च्या आसपास फिरतो. १३ पिच असेल तर ताशी साधारण ६३ किलोमीटर. पाण्यात १०-१२ टक्के घसरण धरली की ५५. म्हणजे जवळपास ३० नॉट. पिच फार मोठा घेतला तर इंजिन वरच्या आरपीएमला पोहोचतच नाही, पणजीतल्या आल्तिनोचा चढ चौथ्या गिअरमध्ये चढल्यासारखं होतं, आणि इंजिन आतून मरतं. पिच एक इंच कमी केला की १५० ते २०० आरपीएम वाढतात. पूर्ण माणसं आणि भरलेली टाकी घेऊन कंपनीने दिलेल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ आरपीएम गेले पाहिजेत. स्टीलच्या पंख्याचा मोह पहिल्या वर्षी टाळा. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, शापोऱ्याच्या वाळूत ॲल्युमिनियमचं पातं वाकतं आणि गिअर वाचतात.

पेट्रोलबद्दल बोलायलाच हवं, कारण आता पंपावर ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तकात इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते, म्हणून घ्यायच्या आधी त्या मॉडेलचं पुस्तक उघडा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पाइप तळातूनच ओढतो. जुन्या इंजिनाचे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरच्या सीलचा निकाल वेगळा लागतो. उपाय महाग नाही: पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर, नव्या जातीचा इंधन पाइप, आणि पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवायचं नाही, गाडीत ओतून संपवायचं.

इंजिन बदललं की बंदर कप्तान खात्याकडे नोंदणीत नवा नंबर आणि शक्ती चढवून घ्या, नाहीतर पुढच्या तपासणीला आणि विम्याच्या वेळी घोळ होतो.

मग शिवोलीच्या बोटीला काय? आधी फळी नवी. त्यावर एकच ७० चं फोर-स्ट्रोक, लाँग शाफ्ट, पॉवर ट्रिमसह, ॲल्युमिनियमच्या पंख्यावर. नवं झेपलं नाही तर त्याच ताकदीचं चार-पाच वर्षं जुनं, पण वरच्या सगळ्या तपासण्या पास झालेलं. पहिले १० तास पुस्तकात सांगितलंय तसंच चालवायचं आणि २० तासांना तेल बदलायचं. तुमची बोट वेगळी असेल तर कमेंटमध्ये लांबी, ट्रान्समची उंची, सध्याच्या इंजिनाचा गिअर रेशो आणि पंख्याचे दोन्ही आकडे लिहा. नुसतं "भाऊ, कुठलं इंजिन घेऊ" असं लिहिलंत तर मी उत्तर देणार नाही.