यंत्राला एकच प्रश्न विचारा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते कचरा आपोआप वेगळा करणाऱ्या यंत्रांविषयी.

पाण्याची एक रिकामी बाटली घ्या आणि औषधाच्या गोळ्यांची संपलेली पट्टी घ्या. पट्टीमागचा चंदेरी पत्रा सोलून काढला की उरतं ते पारदर्शक, कडक प्लास्टिक. बाटलीचा तुकडा कापून त्याच्या शेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही. पाण्यात टाकलेत तर दोन्ही तळाशी जातात. पण बाटली असते पीईटी नावाच्या प्लास्टिकची आणि पट्टी बहुधा पीव्हीसी नावाच्या दुसऱ्याच प्लास्टिकची, आणि पुनर्वापराच्या धंद्यात या दोघांचं एकत्र येणं फार महागात पडतं. पीईटी वितळवायला २५० अंशांच्या वर तापवावं लागतं. पीव्हीसीला तेवढी उष्णता सोसत नाही. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. पोत्यात मूठभर पीव्हीसी निघालं तरी घाऊक व्यापारी भाव पाडतो किंवा पोतं परत पाठवतो.

बाटलीच्या झाकणाचं तसं नाही. झाकण पाण्यापेक्षा हलक्या प्लास्टिकचं असतं. बाटल्यांचा चुरा हौदात सोडला की झाकणांचे तुकडे वर तरंगतात, पीईटी खाली बसतं, आणि जाळीने वरचं वर काढून घेता येतं. सेन्सर नको, संगणक नको. पीव्हीसीपुढे मात्र हा हौद हात टेकतो.

डोळा आणि पाणी दोन्ही जिथे हरतात, तिथे सेन्सरची खरी गरज सुरू होते. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, आणि दर वर्षी 'स्मार्ट डस्टबिन' नावाचा एखादा तरी प्रकल्प माझ्या टेबलावर येतोच. त्यामुळे थोडं अधिकाराने आणि थोडं वैतागून बोलेन, सांभाळून घ्या.

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्याच्या पलीकडे, १००० ते १७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, जो प्रकाश आपल्याला दिसत नाही त्याला निकट अवरक्त म्हणतात. प्लास्टिकच्या रेणूंमधले कार्बन-हायड्रोजनचे बंध या पट्ट्यातला ठरावीक प्रकाश शोषून घेतात, आणि प्रत्येक प्लास्टिकची शोषण्याची जागा थोडी वेगळी असते. पीईटीची एक ठळक खूण १६६० नॅनोमीटरच्या आसपास सापडते. दुधाच्या पिशवीचं पॉलिथिन १२१० च्या आसपास ओळख देतं. यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या कचऱ्यावर हॅलोजनच्या दिव्यांचा झोत टाकायचा, परत आलेल्या प्रकाशात कुठे खड्डा पडला आहे, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश कमी आला आहे, ते बघायचं, की यंत्र सांगतं हे पीईटी, हे पीव्हीसी, हे पॉलिप्रॉपिलीन. आपल्याला सारख्या दिसणाऱ्या त्या दोन तुकड्यांत यंत्राचा गोंधळ होत नाही.

इथे विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, मग मोबाईलच्या कॅमेऱ्याने का नाही जमणार?" कारण मोबाईलचा कॅमेरा सिलिकॉनचा. सिलिकॉनची नजर ११०० नॅनोमीटरच्या आसपास संपते, आणि प्लास्टिकच्या कामाच्या खुणा बहुतेक त्याच्या पुढे आहेत. तिथे इंडियम गॅलियम आर्सेनाइड नावाच्या पदार्थाचे सेन्सर लागतात. यंत्र महाग होतं ते मोठ्या प्रमाणात तिथेच. बाजारात काही शे रुपयांना मिळणारी जी छोटी 'अवरक्त' चिप असते, तिची धाव या खुणांच्या बरीच अलीकडे संपते. ती लावून 'आम्ही प्लास्टिकचा प्रकार ओळखतो' असं अहवालात लिहू नये, एवढीच माझी विनंती.

या सेन्सरला काय दिसत नाही, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हॉटेलातून पार्सल येतं तो काळा डबा घ्या. त्याला काळा रंग येतो काजळीमुळे, आणि काजळी हा सगळा प्रकाश गिळून टाकते. परत काहीच येत नाही. यंत्राच्या लेखी तो डबा नाहीच. तो सरळ नाकारलेल्या मालात जातो. डबा बहुतेकदा चांगल्या, विकल्या जाणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनचा असतो, पण रंगापायी वाया गेला. तोच डबा पांढरा असता तर वाचला असता. दुसरं म्हणजे, सेन्सर फक्त वरचा थर वाचतो. बाटलीला गळ्यापासून बुडापर्यंत वेगळ्याच प्लास्टिकचं छापील वेष्टन चढवलेलं असेल, तर यंत्र वेष्टनाचं नाव सांगतं, बाटलीचं नाही. आणि तिसरं पाणी. पाणी स्वतःच १४५० नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषतं. भाजीचा रस, आमटी, पावसाचं पाणी यांचा थर बसला की खुणा पुसट होतात.

पावसाळ्यात घंटागाडीमागे जरा थांबून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतो ते. वर्तमानपत्र भिजून लगदा झालेलं, त्यात चहाची पूड, त्यातच शाम्पूच्या पुड्या आणि निर्माल्याची पिशवी. हे कोट्यवधींच्या यंत्रातून नेलं तरी माल कचऱ्यासारखाच बाहेर पडतो. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा, हे २०१६ च्या नियमांतच लिहिलं होतं. इंदूरच्या घंटागाड्यांना सहा कप्पे आहेत, आणि तिथलं सुका कचरा निवडणारं यंत्रकेंद्र चालतं ते या कप्प्यांच्या जिवावर. आधी वेगळा केलेला कचरा, मग यंत्र; हा क्रम उलटा करून चालत नाही.

आता वेग. मोठ्या यंत्रात पट्टा सेकंदाला ३ मीटरच्या आसपास पळतो. सेन्सरपासून पट्ट्याच्या टोकापर्यंत ६० सेंटिमीटर अंतर धरा. म्हणजे तुकडा ओळखून निर्णय घ्यायला सेकंदाचा पाचवा भाग हातात उरला. टोकाशी हवेच्या बारीक तोट्यांची ओळ असते. पट्ट्यावरून तुकडा हवेत सुटला की नेमकी त्याच्याखालची तोटी क्षणभर उघडते, दाबाखालची हवा फसकन सुटते आणि तुकडा आडव्या पत्र्याच्या पलीकडे जाऊन पडतो. ज्याला फुंकर मिळाली नाही तो अलीकडे पडतो. मधल्या वेळात बाटली पट्ट्यावर गडगडली तर फुंकर भलत्याच जागी लागते. म्हणून बाटल्या आधी चेपून घेणं बरं. हवेचा कॉम्प्रेसर भरपूर वीज खातो, ती वेगळीच.

महाविद्यालयात तोट्या आणि कॉम्प्रेसर कुठून आणणार? तिथे पट्टा सेकंदाला ३० सेंटिमीटर चालवायचा. तेच ६० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर पूर्ण २ सेकंद मिळतात, आणि साधी मोटर लावलेली फळी तेवढ्यात आरामात फिरते. वस्तू एकामागून एक, ३० सेंटिमीटरवर ठेवल्या तर तासाला ३६०० वस्तू होतात. ऐकायला छान वाटतं. पण एक बाटली २० ग्रॅमची धरली तर ते भरतात ७२ किलो. आणि त्याच पट्ट्यावर बाटल्यांऐवजी वेफर्सची २ ग्रॅमची पाकिटं आली, तर तासाभरात जेमतेम ७ किलो. पट्टा तोच, वीज तीच, आणि पाकिटाला गिऱ्हाईकही नाही. हा हिशेब मी प्रत्येक गटाला फळ्यावर मांडायला लावतो, आणि तो मांडला की प्रकल्पाचा आराखडाच बदलतो. सगळ्या कचऱ्याला नावं देत बसायचं नाही. यंत्राला एकच प्रश्न विचारायचा: ही पीईटीची बाटली आहे का? असेल तर उचल, नसेल तर जाऊ दे.

हा एक प्रश्न नीट विचारता यावा म्हणून आधी बाकीचा पसारा आवरायचा. सुरुवातीला फिरती चाळणी, माती, काचेचे तुकडे आणि बारीकसारीक चुरा काढायला. दुधाच्या पिशवीचा कापून टाकलेला कोपराही चाळणीतून खाली पडतो आणि मातीबरोबर जातो, म्हणून पिशवी कापताना कोपरा तोडू नका, लटकता ठेवा. मग पट्ट्यावर टांगलेला लोहचुंबक, लोखंडी पत्रा आणि खिळे उचलायला. त्यानंतर ॲल्युमिनियम. शाळेत शिकलेला लेन्झचा नियम इथे कामाला येतो. पट्ट्याच्या टोकाच्या रुळात चुंबक भराभर फिरत असतात. त्यांच्यावरून थंड पेयाचा डबा गेला की डब्यात विद्युतप्रवाहाचे भोवरे उठतात, त्यांचं चुंबकत्व रुळाच्या चुंबकत्वाला विरोध करतं, आणि कुणी टिचकी मारावी तसा डबा पुढे उडतो. प्लास्टिक तिथल्या तिथे खाली पडतं. लोखंड मात्र आधीच काढलेलं हवं, नाहीतर ते रुळापाशी चिकटून तापतं आणि पट्टा जाळतं. वेफर्सच्या पाकिटातला ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की ही टिचकी त्याला लागत नाही.

आणि बॅटऱ्या! मोबाईलच्या, कानात घालायच्या हेडफोनच्या. त्या पट्ट्यावर येण्याआधीच बाजूला व्हायला हव्यात. गठ्ठे बांधणाऱ्या दाबयंत्रात लिथियमची बॅटरी चिरडली की आग लागते, आणि तिथे भोवती सगळा पुठ्ठा आणि प्लास्टिकच असतं.

'स्मार्ट डस्टबिन'मध्ये मुलं ओलावा मोजायला शेतीचा स्वस्त सेन्सर लावतात. दोन पायांची, तांब्याचा मुलामा दिलेली ती पट्टी. केळीच्या सालीला तो 'ओला' म्हणतो, आणि पावसात भिजलेल्या बाटलीलाही 'ओला'च म्हणतो. शिवाय सतत वीज सोडल्यामुळे त्याचा एक पाय काही दिवसांत खाऊन निघतो, मुलामा उडून खालची पिवळी पट्टी उघडी पडते. सादरीकरणाच्या दिवशी यंत्र गप्प का बसलं, याचं उत्तर बरेचदा त्या पायात असतं. धातू ओळखणारा साधा सेन्सरही काही मिलिमीटरवरूनच ओळखतो, आणि लोखंडाच्या मानाने ॲल्युमिनियमला आणखी जवळ यावं लागतं. हे दोष नव्हेत, त्या वस्तूंचे स्वभाव आहेत. ते धरूनच रचना करायची.

हल्ली कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर सगळ्यांची भिस्त आहे. विद्यार्थी हमखास वापरतात तो 'ट्रॅशनेट' नावाचा छायाचित्रांचा संच, २५२७ छायाचित्रं आणि ६ वर्ग. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी पांढऱ्या कागदावर एकेक वस्तू ठेवून ती छायाचित्रं काढली. त्यावर शिकलेलं यंत्र प्रयोगशाळेत वाहवा मिळवतं आणि गुटख्याची पुडी, चेपलेला चहाचा कप, नारळाची करवंटी, चुरगळलेली दुधाची पिशवी समोर आली की भांबावतं. आपल्या कचऱ्याची छायाचित्रं आपणच काढली पाहिजेत, आणि त्यांना नावं द्यायला जाणकार पाहिजे.

तो जाणकार आपल्याकडे आहे. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. त्यात बहुसंख्य बायका आहेत. चांगल्या हाताची बाई प्लास्टिक वाकवून बघते, नखाने ओरखडा काढते, चुरगळून आवाज ऐकते आणि बोलता बोलता ते योग्य पोत्यात टाकते. काळा डबाही तिला चकवत नाही, कारण तिला निकट अवरक्ताची गरजच नाही. छायाचित्रांना नावं देण्याचं काम अशा बायकांकडून, रोज ठरवून, पैसे देऊन करून घेतलं पाहिजे. आणि यंत्राच्या शेवटी, माल गठ्ठ्यात जाण्याआधी, तपासणीला त्याच उभ्या असाव्यात. यंत्राने उचललेल्या बाटल्यांमधली एखादी पीव्हीसीची वस्तू त्यांच्या नजरेतून सुटेलही, पण डायपर सुटणार नाही, आणि यंत्राकडून तो सुटतो. ज्या प्रकल्पाच्या खर्चाच्या तक्त्यात त्यांच्या पगाराची ओळच नाही, तो तक्ता मी परत करतो.

नगरपालिकांचे लोक विचारतात, आम्ही असं यंत्र घ्यावं का? गावात दिवसाला दोन-अडीच टन सुका कचरा निघत असेल, तर निकट अवरक्ताचं यंत्र घेऊ नका. ते बराच वेळ रिकामं फिरेल. संथ पट्टा, लोहचुंबक, गठ्ठे बांधायचं दाबयंत्र, डोक्यावर छप्पर आणि निवडणाऱ्यांसाठी उभं राहून काम करता येईल एवढ्या उंचीचं टेबल, इतकं पुरेल. शेजारची चार-पाच गावं एकत्र येणार असतील आणि कचरा खरोखर कोरडा येणार असेल, तर पुढचा विचार करा.

आणि घ्यायचंच ठरलं तर विक्रेत्याला दोन आकडे वेगवेगळे विचारा. पट्ट्यावरून गेलेल्या शंभर बाटल्यांपैकी यंत्राने किती उचलल्या, हा पहिला आकडा. उचललेल्या शंभर वस्तूंपैकी खरोखर बाटल्या किती, हा दुसरा. फुंकर मोठी केली की पहिला वाढतो आणि शेजारची चिंधीही बाटलीबरोबर उडाल्यामुळे दुसरा घसरतो. फुंकर बारीक केली की उलट. माहितीपत्रकात यातला जो चांगला दिसतो तोच छापलेला असतो. म्हणून शंभर बाटल्यांवर रंगाची खूण करा, आपल्याच गावच्या कचऱ्यात मिसळा आणि विक्रेत्यासमोर यंत्रातून काढून मोजा. चाचणी जुलैत घ्या. तो फेब्रुवारी सुचवेल.

नमस्कार.