इंग्रजी कोशातली गुराब

मंडळी, इंग्रजी कोशात ‘ग्रॅब’ काढून बघा. पहिली नोंद हिसकावून घेण्याची. हा शब्द डच-जर्मन घराण्यातला, शाळेपासून आपल्या ओळखीचा. कोश जाडजूड असेल तर खाली आणखी एक ‘ग्रॅब’ सापडेल, आणि त्याचा अर्थ आहे जहाज. दोघांचं नातं काडीचंही नाही. हा दुसरा ग्रॅब म्हणजे आपली गुराब.

मूळ शब्द अरबी, ‘घुराब’. अर्थ डोमकावळा. आपल्या तोंडी तो ‘गुराब’ झाला आणि इंग्रजांनी पहिला उकार गिळून टाकला. मराठा आरमाराच्या आंग्र्यांना इंग्रज चाचे म्हणत, म्हणून ‘लुटायची म्हणून ग्रॅब’ अशी व्युत्पत्ती कुणी ठोकून देतं. पण मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्याही गुराबा होत्या की! ते काय स्वतःलाच लुटारू म्हणवून घेत होते?

गुराब दिसायची कशी? कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने तिचं वर्णन नीट करून ठेवलंय. डोलकाठ्या बहुधा दोन. मोठ्या गुराबेला तीन, आणि ती 300 टनांपर्यंतची. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार न बुडणारी. आपल्या खाड्यांना तेच हवं. खरी गंमत नाळेची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची. ती पुढे लांब निघालेली, पण मुख्य डेकपासून आडव्या भिंतीने तोडलेली. समोरची लाट चढली की पाणी नाळेवरूनच निघून जायचं. त्या भिंतीला भोकं, आणि भोकांतून थेट समोर रोखलेल्या दोन तोफा. म्हणजे पाठलाग करता करताच मारा! वारा पडला की गलबतं तिला ओढत नेत, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. तेही इंग्रजीत ‘गॅलिव्हॅट’ म्हणून गेलं. कोशकार त्याचं मूळ पोर्तुगीज ‘गालिओता’त दाखवतात.

फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून आले. तुळाजी आंग्र्यांनी पूर्वी पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ या कंपनीच्याच जहाजावर गोळा पडला, त्याने पेट घेतला, आणि शेजारी दाटीने उभ्या गुराबाही जळाल्या. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे सांगताना आजही जीभ अडखळते. शब्द लगेच नाही मेला, पण 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो जवळजवळ लुप्त म्हणून नोंदलाय. आपल्याकडे गलबत बोलण्यात टिकलं, गुराब बखरींपुरती उरली.

कॉलेजची मुलं मागे बसलीत, त्यांच्यासाठी एक सांगतो. जुनी इंग्रजी कागदपत्रं चाळताना ‘ग्रॅब’ दिसला की तो क्रियापद आहे की जहाज, हे आधी वाक्यात बघा. आणि विजयदुर्ग तिथे बहुतेक ‘घेरिया’ नावाने येतो. नुसतं विजयदुर्ग शोधत बसलात, तर फारसं काही हाती लागायचं नाही.