‘सील टीम’च्या पाचव्या सीझनचा शेवट कुठे फसला?

नमस्कार मंडळी! आज ‘सील टीम’, म्हणजे अमेरिकन नौदलाच्या कमांडोंवरची टीव्ही मालिका. स्पॉयलर भरपूर आहेत, त्यामुळे पाचवा सीझन संपवला नसेल तर व्हिडिओ इथेच थांबवा, नंतर शिव्या घालू नका. आणि बोलताना मध्येच हेलिकॉप्टरची घरघर आली तर तो इफेक्ट नाही. आमच्या नाशिकच्या गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल आहे, नाशिक रोडला बसून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे हे पार्श्वसंगीत फुकटात मिळतं.

तर, जानेवारी २०२२. सीझनचा चौदावा, शेवटचा भाग. ब्राव्हो टीम, म्हणजे मालिकेतली आपली कमांडो तुकडी, आफ्रिकेतल्या मालीमध्ये. शत्रू दबा धरून बसलेला. रॉकेट, धूळ, आपली माणसं जमिनीवर, आणि स्क्रीन काळी. कोण जगलं, कोण गेलं, पत्ता नाही. त्या दिवसापर्यंत सहावा सीझन जाहीरही झाला नव्हता, म्हणजे प्रेक्षक पार लटकलेला. यावर चिडणं साहजिकच आहे. पण असा लटकता शेवट मला चालतो हो. माझं भांडण दुसरं आहे.

सीझनभर आपल्याला काय दाखवलं? जेसन हेज. म्हणजे डेव्हिड बोरियानाझ. टीमचा म्होरक्या, आणि तो विसरायला लागलाय. मेंदूला इजा झालीय, मालिकेत तिला टीबीआय म्हणतात. ही काही एका गोळीने झालेली जखम नाही. वर्षानुवर्षं दारं उडवायची, स्फोटाच्या जवळ उभं राहायचं, त्यातून ती साठत गेलीय. स्फोटाबरोबर हवेच्या दाबाची लाट येते, ती हेल्मेटला जुमानत नाही, कवटीतल्या मेंदूपर्यंत पोहोचते. एकेक धक्का किरकोळ वाटतो. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून माणूस लपवू शकतो. जेसन लपवतो. टीममधला त्याचा साथीदार क्ले, त्याच्या ते लक्षात येतं, आणि मग मैत्री सांभाळायची की टीम, हा त्याच्यापुढचा पेच. मारधाडीच्या मालिकेने एवढा अवघड विषय घेतला, त्यासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देतो.

आपल्याकडे नाशिकमध्ये हे लवकर पोहोचतं. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे. के-९ वज्र आणि एम-७७७, दोन्ही १५५ मिलीमीटरच्या तोफा, नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळालीतच सैन्यात दाखल झाल्या. माझ्या ओळखीचे एक काका तोफखान्यातून रिटायर झालेत, एका कानाने कमी ऐकू येतं. त्यांच्यासोबत काही भाग पाहिले. गोळीबार सुरू झाला की काका मोबाईलवर बातम्या वाचायचे. जेसन काहीतरी आठवायचा प्रयत्न करतोय, अशा सीनला मात्र म्हणाले, “आवाज वाढव रे जरा.”

आणि शेवटच्या भागात लेखकांनी काय केलं? प्रश्नच बदलून टाकला. सीझनभर विचारत होते, या माणसाच्या हातात टीम ठेवायची का? शेवटच्या काही मिनिटांत विचारतात, ओळखा पाहू कोण मेलं? जेसनचं डोकं ठणठणीत असतं तरी मालीतला तो घात तसाच झाला असता! मग तेरा भाग आम्ही कशासाठी जीव टांगणीला लावला? तो एक साधा निरोप विसरला असता, आणि त्यामुळे एक माणूस जखमी झाला असता, तरी अंगावर काटा आला असता. रॉकेटची गरजच नव्हती.

माझा अंदाज सांगतो, अंदाजच आहे. पहिले चार भाग सीबीएस या टीव्ही चॅनेलवर आणि उरलेले पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंग ॲपवर, असा हा स्थलांतराचा सीझन. पुढचं नक्की नसताना प्रेक्षकाला अडकवून ठेवायला धमाका सोपा पडतो.

पुढे काय झालं ते बघा. सहाव्या सीझनमध्ये क्ले पाय गमावतो, आणि नंतर जीवही. पण तो मालीत मरत नाही. आत्महत्येच्या टोकावर असलेल्या एका माजी सैनिकाला सावरायला जातो, आणि गैरसमजातून सुरक्षारक्षकाची गोळी त्याला लागते. राव, हा सीन मला अजून झेपलेला नाही. क्ले साकारणारा मॅक्स थेरियट तेव्हा ‘फायर कंट्री’ या स्वतःच्या मालिकेत गुंतला होता, म्हणून त्याला निरोप द्यायचाच होता. पण निरोप देताना त्यांनी मूळ विषयाला हात घातला. आणि त्याच सीझनच्या अखेरीला जेसन सगळ्यांसमोर कबूल करतो, मला ही इजा आहे. मग त्याचे साथीदारही त्याच्या बाजूने उभे राहतात.

हाच पाचव्याचा शेवट हवा होता! सामान हाताशी होतं, वाढायला उशीर केला.

तेव्हा नव्याने बघणाऱ्यांनो, पाचव्याचा चौदावा भाग संपला की झोपू नका, लगेच सहाव्याचा पहिला लावा. आणि घरात कुणी तोफखान्यातलं असेल तर त्यांना सोबत बसवा. ते काय म्हणाले, ते मला कमेंटमध्ये वाचायचंय.