उत्तर स्कॉटलंडचा रस्ता आणि रिकामी खोरी

जून महिन्यात स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला रात्रीचे साडेदहा वाजले तरी चांगला उजेड असतो, त्यामुळे गाडी चालवायला वेळच वेळ, आणि तो लागतोच. इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघायचं, आधी पश्चिम किनारा, मग उत्तर किनारा, मग पूर्वेकडून खाली परत इन्व्हर्नेस, असा हा साधारण 830 किलोमीटरचा फेरा. या फेऱ्याचं नॉर्थ कोस्ट 500 हे नाव 2015 मधलं, रस्ते मात्र कधीचेच आहेत.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून. पण पश्चिमेला बऱ्याच ठिकाणी रस्ता एका गाडीपुरताच, आणि थोड्या थोड्या अंतरावर पासिंग प्लेस, म्हणजे समोरच्याला वाट द्यायला कडेला रुंद केलेली जागा. ही जागा डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर डावीकडेच थांबायचं, समोरचा त्या जागेतून वळसा घालून जातो आणि जाताना हात वर करतो. मागून लोकल माणूस आला तर त्यालाही साइड द्यायची, त्याला कामावर नाहीतर डॉक्टरकडे जायचं असतं, आपण फिरायला आलेलो. आणि तिथं गाडी लावून फोटो काढत बसायचं नाही म्हणजे नाही.

मग येतो ब्यालाख ना बा, 1822 साली बांधलेला घाट. पायथ्यालाच बोर्ड आहे, शिकाऊ ड्रायव्हर, खूप मोठ्या गाड्या आणि कॅराव्हॅन यांनी जाऊ नये. समुद्राच्या काठावरून सुरू होऊन रस्ता थेट 626 मीटरवर जातो, वरची वळणं इतकी आवळलेली की पहिला गियर सोडवत नाही, आणि माथ्यावर आकाश मोकळं असलं तर समोर स्काय बेटाचे सुळके. पलीकडच्या ॲपलक्रॉसला 1970 च्या दशकात किनाऱ्याचा रस्ता होईपर्यंत गाडीनं जायचं तर हाच एक घाट होता, हिवाळ्यात बर्फ पडला की तोही बंद.

पुढे ॲसिंटच्या भागात उघडा राखाडी खडक, काही ठिकाणी 300 कोटी वर्षं जुना. नॉकन क्रॅगला जरूर थांबा. तिथं खाली फिकट चुनखडीचा थर आणि त्याच्यावर काळपट खडक, आणि वरचा खडक खालच्यापेक्षा जवळपास दुप्पट जुना! जमिनीच्या रेट्यानं जुना थर सरकत येऊन नव्यावर चढला, त्या सांध्यावर अक्षरशः हात ठेवता येतो. एकोणिसाव्या शतकात यावर भूगर्भतज्ज्ञांची कित्येक वर्षं भांडणं चालली, पीच आणि हॉर्न या दोघांनी पायी हिंडून नकाशे केले तेव्हा उलगडा झाला. फक्त संध्याकाळी वारा पडला की गाडीतच बसा, मिज नावाची बारीक चिलटं झुंडीनं येतात आणि कडकडून चावतात.

डरनेसला पांढरी वाळू, स्मू गुहा, सगळं सुंदरच आहे. पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते बेटीहिलहून आत वळल्यावर लागणाऱ्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्याबद्दल. नदी, हिरवी कुरणं, मेंढ्या, माणूस जवळपास नाहीच, आणि सगळे म्हणतात वा काय निवांत आहे! ही निवांत जागा मुद्दाम केलेली आहे. इथं पिढ्यान्‌पिढ्या गेलिक ही इथली जुनी भाषा बोलणारी कुटुंबं शेती करायची, गुरं राखायची. मेंढपाळीत जास्त पैसा म्हणून सदरलंडच्या जमीनदारांनी 1814 आणि 1819 मध्ये त्यांना हुसकावून लावलं, परत येऊ नयेत म्हणून घरांची छपरं जाळली. डोनाल्ड मॅक्लिओड नावाच्या इथल्या गवंड्यानं लिहून ठेवलंय की रात्री अकराला उंचावर चढून त्यानं जळणारी 250 घरं मोजली. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर 1816 मध्ये खटला झाला, तो निर्दोष सुटला. रोसल या उठवलेल्या गावात घरांची दगडी जोती अजून दिसतात, गवतातून चालताना पायाला लागतात. माणसं किनाऱ्यावरच्या नापीक तुकड्यांवर गेली, कित्येक समुद्रापार कॅनडाला.

पूर्वेकडून उतरताना गोल्स्पीला डनरॉबिन किल्ला लागतो, सदरलंड घराण्याचा, आणि मागच्या डोंगरावर पहिल्या ड्यूकचा पुतळा, चौथऱ्यासकट सुमारे 30 मीटर उंच, लांबूनच दिसतो. लोकांना असं हुसकावलं म्हणून तो पाडावा अशी मागणी झालेली आहे. माझ्या मते राहू द्यावा, पण त्याचा फोटो काढणाऱ्यानं आधी रोसलला जाऊन यावं.